कागद नको, भाऊ

जून लागला की अमरावतीच्या गाडगे नगर, कठोरा नाका, व्हीएमव्ही रोड या भागात घराघराच्या फाटकांवर पाट्या चढतात. कुठं पुठ्ठ्यावर स्केचपेननं, कुठं छापील फ्लेक्सवर 'रूम किरायाने देणे आहे', त्याखाली 'फक्त मुलींकरिता' आणि मोबाइल नंबर. दर्यापूर, अंजनगाव, धारणी, मूर्तिजापूर, मंगरूळपीर, पुसद इकडून येणाऱ्या एसट्यांतून बाप आणि मुलगा, नाहीतर बाप आणि मुलगी उतरतात. सोबत गादीची वळकटी, कणकेचा डबा, दोरीनं बांधलेला जुना कूलर. दुपारपर्यंत चार-पाच फाटकं वाजवून होतात. संध्याकाळच्या गाडीनं बाप एकटाच परत जातो आणि गावात विचारणाऱ्याला सांगतो, पोट्टं अमरावतीले रूम करून राह्यते आता.

फाटकापाशी विचारले जाणारे प्रश्न ठरलेले आहेत. 'कोठचे तुमी?' 'वावर किती हाये?' 'पोरगं कायचं शिकते?' 'मटन-गिटन नाही चालत बरं आमच्या इथं.' 'नऊ वाजता गेट लागते.' किरायाचा आकडा सगळ्यात शेवटी येतो आणि त्यावर फार घासाघीस होत नाही, कारण द्यायचं की नाही हे तोवर ठरून गेलेलं असतं. एखाद्या सावध बापानं करारनाम्याचं विचारलंच, तर घरमालकीण काकू हसून उडवून लावतात. 'कागद कायले पायजे भाऊ, घरच्यासारखंच हाये.' बापालाही हायसं वाटतं. कागद म्हटला की खर्च आला, सही आली आणि मधेच खोली सोडायची झाली तर कटकट आली.

अमरावती-अकोल्यात किरायाच्या घरांविषयी लिहायला घेतलं तेव्हा डोक्यात आकडे होते: डिपॉझिट किती, किराया किती, लाइटबिल वेगळं की त्यातच. फिरत गेलो तसे आकडे मागं पडले. घर देणारा आणि घेणारा, दोघंही कागदाला का भितात, हाच प्रश्न प्रत्येक फाटकापाशी उभा राहिला. या भीतीला कारणं आहेत, आणि ती वऱ्हाडाच्या इतिहासात बरीच खोलवर गेलेली आहेत.

सध्याचा कायदा आधी सांगून टाकतो, कारण तो ऐकून बहुतेक घरमालक दचकतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार घर भाडेपट्ट्यानं द्या की लिव्ह अँड लायसन्सनं, करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. मुदत अकरा महिने असो की पाच वर्षं. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नसताना वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायेदार जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे कागद न केल्यानं आपण सुरक्षित राहतो असं समजणारा मालक आपल्याच हातानं पारडं दुसऱ्याकडे झुकवत असतो.

मग ते सुप्रसिद्ध अकरा महिने आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर लोक एक महिना कमी करून मोकळे झाले. महाराष्ट्रानं २००० पासून ही पळवाट बुजवली. पण कोर्टाच्या आवारातल्या टायपिंगच्या टेबलांवर अकरा महिन्यांचा छापील नमुना अजून तस्साच निघतो. नोटरीचा लाल शिक्का बसला की दोघांनाही वाटतं, झालं काम. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे त्या टेबलापाशी कुणी सांगत नाही. सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल.

आता जरा मागं जाऊ. आपला वऱ्हाड हा प्रांत अख्खाच्या अख्खा किरायानं दिलेला होता, हे शाळेत एका ओळीत शिकवतात आणि पुढं जातात. मला तो मामला घरमालक-किरायेदाराचा वाटतो, आणि त्या नजरेनं वाचला की फार करमणूक होते. हैदराबादच्या निजामाकडे इंग्रजांनी कंटिन्जंट नावाची फौज ठेवली होती. खर्च निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. पैसे थकले, कर्ज वाढलं. २१ मे १८५३ च्या तहानं इंग्रजांनी या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब ताब्यात घेतला. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत गेले, सुमारे पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं, पण वऱ्हाड काही परत गेला नाही. पुढं तर तो सोडण्याचा प्रश्नच उरला नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि अमरावती-अकोला-खामगावच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. मुंबईची रेल्वे याच दशकात वऱ्हाडातून नागपूरला पोचली. असं घर कोणता किरायेदार सोडेल?

निजामाचा दिवाण सालारजंग यानं पुढच्या दशकात पैसे घ्या आणि आमचा मुलूख परत द्या म्हणून बराच पाठपुरावा केला. उत्तरं आली, मुलूख आला नाही. अखेर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं सहावा निजाम महबूब अली खान याच्याकडून कायमच्या पट्ट्यावर सही घेतली. वर्षाला पंचवीस लाख रुपये किराया, मुदत कायमची. मालकी निजामाची, ताबा इंग्रजांचा. दुसऱ्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. पुढच्या निजामानं, उस्मान अली खाननं, वऱ्हाड परत मागितला तेव्हा १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं त्याला सार्वभौम सत्तेची जाणीव करून देणारं खरमरीत पत्र पाठवलं. १९३६ च्या करारात मात्र निजामाची समजूत काढली. त्याच्या नावापुढे 'हैदराबाद आणि बेरार' लागलं, युवराज आझम जाहला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. दारावर मालकाच्या नावाची पाटी, आत चुलीपासून माडीपर्यंत सगळं दुसऱ्याचं. हा किराया स्वातंत्र्यापर्यंत चालला. वाढ शून्य.

एकदा कागदावर सही केली की किरायेदार उठत नाही, हा धडा देणारं याहून मोठं उदाहरण हिंदुस्थानात शोधून सापडायचं नाही. अर्थात निजामाच्या दुःखावरून गाडगे नगरातल्या काकू सावध झाल्या असं माझं म्हणणं नाही. त्यांना सावध केलं १९४९ नं.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांत घरांची टंचाई होती, फाळणीनंतर निर्वासित आले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारनं १९४६ च्या कायद्याखाली १९४९ मध्ये घरं किरायानं देण्याविषयी आणि भाडे नियंत्रणाविषयी एक आदेश काढला. जुन्या वकिलांच्या तोंडी तो नुसता 'रेंट कंट्रोल ऑर्डर' म्हणून येतो. पश्चिम महाराष्ट्राला १९४७ चा मुंबईचा कायदा, मराठवाड्याला १९५४ चा हैदराबादचा आणि विदर्भाला हा आदेश. १९६० नंतरही चाळीस वर्षं एकाच राज्यात घरभाड्याचे तीन कायदे नांदत होते. विदर्भातल्या आदेशाची तऱ्हा वेगळी होती. मुंबई-पुण्याचा मालक थेट कोर्टात दावा लावू शकायचा. इथल्या मालकाला घर सोडण्याची नोटीस द्यायलाही आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी लागे. ती मिळवायची तर किराया वारंवार थकतो, घराची नासधूस होते, किंवा मला स्वतःला राहायला घर हवंय आणि या गावात माझं दुसरं घर नाही, असं काहीतरी सिद्ध करा. परवानगीविरुद्ध अपील, त्यावर नागपूर खंडपीठात रिट. हे सगळं जिंकलात, की मग नोटीस, आणि मग दिवाणी कोर्टात ताब्याचा दावा, तिथून पुन्हा अपील. दोन जिने चढून गेल्यावर कळायचं की आपण अजून तळमजल्यावरच आहोत.

त्याच आदेशात आणखी एक गंमत होती. त्याचा एक भाग ज्या शहरांत लागू होता तिथं घर रिकामं होणार असेल, तर मालकानं ते सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. जिल्हाधिकारी ते घर सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला द्यायला सांगू शके. आपल्या घरात कोण राहणार हे साहेब ठरवणार! त्यामुळं रिकामी खोली 'रिकामी' दिसू न देण्याची कला मालकांनी आत्मसात केली. कुठं कुलपामागं कडबा-सरकीची पोती, कुठं गावाकडच्या भाच्याचं नाव. परकोटाच्या आतल्या अमरावतीत, जवाहर गेट, अंबा गेटच्या बाजूला, आणि अकोल्याच्या जुन्या पेठांत आजही अशी घरं दिसतात की जिथं खाली तीन पिढ्यांचा किरायेदार आणि वर मालक, आणि दोघांत बोलणं फक्त वकिलामार्फत. किराया इतका जुना की तो वसूल करायला येण्याचा रिक्षाखर्च त्याहून जास्त. मालक दुरुस्ती करत नाही, किरायेदार सोडत नाही, भिंतीतून पिंपळ उगवतो.

किरायेदाराची बाजू खोटी होती असं मी म्हणणार नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये, मिलमध्ये राबणाऱ्या माणसाला त्या आदेशानं डोक्यावर छप्पर राखून दिलं. कापसाचा हंगाम संपला की हाकलून दे, असं चाललं असतं तर शहरं उभीच राहिली नसती. पण त्याच आदेशानं मालकांच्या एका पिढीला शिकवलं की किरायेदाराच्या हातात काही लिहून द्यायचं नाही. पावती तर नाहीच नाही.

आणि शहरातला हा मालक मूळचा कोण? बहुतेक वेळा गावाकडे वावर असलेला शेतकरीच. त्याच्या घरात दुसरी एक आठवण आहे, ती याहून कडू. १९५१ मध्ये वऱ्हाडासाठी शेतजमिनीच्या पट्ट्यांचा वेगळा कायदा झाला, पट्ट्यानं जमीन कसणाऱ्याला संरक्षण मिळालं. १९५८ मध्ये विदर्भाचा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९६१ या दिवशी पात्र कुळांकडे जमिनीची मालकी गेली. ज्याची जमीन गेली त्याच्या घरात आजोबांपासून नातवापर्यंत एक वाक्य वारशानं आलं: कूळ लागते. म्हणून आजही वऱ्हाडात वावर ठोक्यानं दिलं जातं, बटईनं दिलं जातं, पण लिहून दिलं जात नाही. पाडव्याला तोंडी बोली होते, पैसे हातात पडतात. बरेच मालक दर दोन-तीन वर्षांनी कसणारा बदलतात. सातबाऱ्यावर पेरा मालकाच्याच नावानं लागतो.

याचा भुर्दंड कोण भरतो ते दर पावसाळ्यात दिसतं. अतिवृष्टीनं सोयाबीन सडलं की मदत सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. पीककर्जही त्यालाच. पीकविम्यासाठी कसणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, जो त्याच्याकडे नसतोच. ज्यानं बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं उसनवारीनं केलं त्याचं नाव सरकारदरबारी कुठंच नाही. आत्महत्येच्या प्रकरणांतही 'शेतकरी' ठरायला जमिनीचा कागद विचारला जातो. वऱ्हाडच्या शेतीबद्दल आपण भाव, पाऊस, बोंडअळी यावर पानंच्या पानं लिहितो, या न लिहिलेल्या किरायावर फार कमी.

शहराकडे परत येऊ. कागद नसला की मालकाची मर्जी हाच कायदा होतो, आणि मर्जीचे निकष तुम्हाला ठाऊक आहेत. 'कोठचे तुमी?' नंतर 'आडनाव काय म्हणलं?' येतं. आडनाव ऐकल्यावर खोली कालच गेलेली असते. पाटी मात्र आठवडाभर तशीच फाटकावर. बौद्ध विद्यार्थी हे इतक्या सहज सांगतात की ऐकणाऱ्यालाच खाली बघावंसं वाटतं. मुसलमान कुटुंबाला अमरावतीत काय नि अकोल्यात काय, शोध कोणत्या मोहल्ल्यांपुरता ठेवायचा ते आधीच माहीत असतं. नोकरी सरकारी असली तरी त्यात फार फरक पडत नाही. एकटी नोकरी करणारी बाई, घटस्फोटित बाई, तिला तर प्रश्नांची वेगळीच यादी. 'शाकाहारी कुटुंबास प्राधान्य' ही ओळ जितकी सभ्य दिसते तितकी ती नाही.

अमरावतीच्या तपोवनाकडे जाताना हे विशेष जाणवतं. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तिथं स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कुष्ठरोग्यांसाठी वस्ती उभी केली, कारण बरं झालेल्या माणसालाही गावात कुणी खोली देत नव्हतं. त्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं धर्मशाळा बांधल्या, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय केली आणि स्वतःसाठी एक खोली ठेवली नाही. त्यांची समाधी ज्या गाडगे नगरात आहे तिथंच आज खोलीच्या पाट्या सर्वांत दाट आहेत. विद्यापीठालाही त्यांचंच नाव. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ या पाच जिल्ह्यांतून मुलं येतात. १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेलं विदर्भ महाविद्यालय, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, अभियांत्रिकी, वैद्यकीय, शिवाय स्पर्धा परीक्षांचे क्लास आणि चोवीस तास उघड्या अभ्यासिका. गावाला वसतिगृहं पुरी पडणं शक्यच नाही.

पंजाबराव देशमुखांना हे फार आधी कळलं होतं. खेड्यातल्या पोराचं शिक्षण शाळेच्या फीवर अडत नाही, राहण्या-जेवणावर अडतं. म्हणून त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवलं. आज सरकारची स्वाधार योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पैसे देते. ती २०१६-१७ मध्ये आली तेव्हा महसुली विभागाच्या शहरात राहण्यासाठी वर्षाला १५ हजार धरले होते. महिन्याला साडेबाराशे. एवढ्यात कुणाला एकट्याला खोली मिळत नाही, तिघा-चौघांनी मिळून घ्यावी लागते. त्यातही अर्जासोबत किरायाच्या घराचा पुरावा जोडायचा असतो. आणि काकू तर कागद करत नाहीत! हक्काच्या पैशांसाठी मुलगा काकूंच्या मागं लागतो, काकूंना वाटतं की याच्या डोक्यात काहीतरी वेगळं आहे.

अकोल्याचं गणित थोडं निराळं. इथं वस्त्यांना प्लॉट म्हणतात: रतनलाल प्लॉट, आळशी प्लॉट, न्यू राधाकिसन प्लॉट. कृषी विद्यापीठ १९६९ पासून, वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून, शिवाय दवाखान्यांचं गाव. त्यामुळं किरायेदारांत नोकरदार आणि डॉक्टर जास्त. पण अकोल्यात खोली बघताना किरायाच्याही आधी दोन गोष्टी विचाराव्यात: वर स्लॅब उघडा आहे का, आणि पाणी कितव्या दिवशी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सगळ्यात वरच्या मजल्यावरची स्वस्त खोली का स्वस्त होती ते कळतं. कूलर चालवायचा तर त्यालाच बादल्या-बादल्या पाणी लागतं, आणि काटेपूर्णेच्या महान धरणाचं पाणी रोज येत नाही. अमरावतीला निदान ऊर्ध्व वर्धेचा आधार आहे. 'बोअर हाये ना' असं मालक म्हणाला तर एक घोट पिऊन बघा. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. वऱ्हाडाला समुद्र नाही, पण १९३० च्या सत्याग्रहात अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला लोकांनी विहिरीच्या पाण्यापासून मीठ केलं होतं. त्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. हे करारात कुणी लिहीत नाही. अर्थात, करारच नसतो.

पाणी-वीज तोडून किरायेदाराला घालवणं हा जुना उपाय. आताच्या कायद्याच्या कलम २९ नं त्यालाही मनाई आहे. उलट मालकाच्या बाजूनं कलम २४ आहे: लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस उठला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळतो आणि जास्तीच्या दिवसांचे दुप्पट पैसेही. पण त्यासाठी नोंदणीकृत करार हवा. नोंदणी घरी बसून ऑनलाइन होते, अंगठा आणि आधार लागतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. एका कूलरच्या मोटारीहून जास्त खर्च नाही. तरी लोक करत नाहीत, कारण भीती ज्या कायद्यांची होती ते कायदे गेले आणि भीती राहिली.

चिखलदऱ्याला, विदर्भाच्या एकुलत्या एक थंड हवेच्या ठिकाणी, हाच मामला रात्रीच्या हिशेबानं चालतो. शनिवार-रविवारी धुकं बघायला अमरावती-नागपूरची माणसं येतात, घरातली पुढची खोली दोन रात्रींसाठी जाते. तिथं आडनाव कुणी विचारत नाही. पैसे आधी, चावी नंतर.

अकोट तालुक्यातला एक शेतकरी मुलीसाठी अमरावतीत खोली बघत होता. स्वतःचं आठ एकर वावर त्यानं गावातल्याच एकाला ठोक्यानं दिलेलं, तोंडी. खोली पसंत पडली, दोन महिन्यांचे पैसे मोजून दिले आणि त्यानं पावती मागितली. मुलीचा फॉर्म भरायचा होता, शिवाय परगावचा मामला, कुणी उद्या नाही म्हटलं तर? काकूंनी पैसे पदरात बांधले आणि त्याच्याकडे जरा दुखावून पाहिलं. 'पावती कायले पायजे भाऊ? आमच्यावर इस्वास नाही का?' तो म्हणाला, 'इस्वास हाये ना. पण कागद असला म्हंजे बरं राह्यते.'